दगडांची पकड

4 डिसेंबर 2024 च्या सकाळी साडेसातच्या सुमारास जमीन हलली आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पुष्कळांना पहिल्यांदाच वाटलं, अरे, भूकंप आपल्याकडेही येतो! केंद्र तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, तीव्रता 5.3. खरं तर गोदावरीच्या खोऱ्यात हे नवीन नाही. 1969 साली भद्राचलमजवळ 5.7 चा धक्का बसला होता.

मी मराठी माध्यमातला बी.ए., विज्ञानाचा माणूस नव्हे. पण रिकामा वेळ भरपूर, म्हणून वाचत बसलो. त्यातलं एक फार आवडलं, ते सांगतो.

वर्षानुवर्षं एका जागी उभं असलेलं लोखंडी कपाट ढकलून बघा. आधी हलतच नाही, एकदा सुटलं की सरकतं. जमिनीतल्या भेगेचंही तसंच. दोन्ही बाजूंचे खडक चिकटलेले दिसले तरी खरा स्पर्श होतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक टोकांपाशी. ही टोकं जितका काळ एकमेकांवर दाबून राहतात, तितकी पकड घट्ट होते. अमेरिकेतल्या जेम्स डिटरिच यांनी 1970 च्या दशकात प्रयोगशाळेत दगडावर दगड सरकवून हे मोजलं. घसरण सुरू झाली की जुनी टोकं सुटतात, नव्यांना मुरायला वेळच मिळत नाही. घर्षण कमी होतं, वेग वाढतो, टोकं तापून आणखी कमजोर होतात. हाच भूकंप! उलट भेगेत काही प्रकारची चिकणमाती असेल तर खडक गुपचूप, हळूहळू सरकतात. आणि पाणी शिरलं तर त्याच्या दाबाने पकड सैल होते. कोयनेला 11 डिसेंबर 1967 च्या 6.3 च्या भूकंपापासून धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवलं जातं ते यामुळेच. तिथे गोठणे गावी 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासायला घेतले.

एवढं कळूनही भेग कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही. ती टोकं मैलोगणती खोल, आपल्या नजरेआड. किल्लारीचा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली जवळजवळ 10 हजार माणसं गेली. मारलं ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या जड धाब्यांनी.

म्हणून हे खास भावंडांसाठी आणि पुतण्यांसाठी. मूलकडच्या आपल्या जुन्या घराची मागची भिंत फुगली आहे. दिवाळीला पोरं तिच्याच कडेला झोपतात. वाटणीचं व्हायचं तेव्हा होईल. त्याआधी चांगला इंजिनिअर बोलावून भिंती एकमेकींना बांधून घेऊ, दारा-खिडक्यांवरून घरभर काँक्रीटचा पट्टा फिरवता येईल का ते विचारू. खडकांची पकड आपल्या हातात नाही, भिंतींची आहे.

बाकी मंडळींनो, 4 डिसेंबरला तुमच्याकडे काय हललं? जरूर लिहा.