मथळा, मजकूर आणि पाकळीचा ल

वार्तापत्राचा अंक घरी आला की वाचक आधी फोटो पाहतात, मग मुलाचे किंवा नातवाचे नाव शोधतात आणि उरलेला मजकूर दुपारच्या चहाबरोबर वाचतात. पानाची मांडणी मुद्दाम कोणी पाहत नाही. पाहू नये, हीच आम्हा अंक लावणाऱ्यांची इच्छा असते. मांडणी डोळ्यांत खुपू लागली की समजावे, कुठेतरी बिनसले आहे. तरीही या वेळी मांडणीबद्दलच चार शब्द लिहीत आहोत. पुढच्या वर्षी हे काम नव्या हातांत जाणार आहे, आणि ज्या एका गोष्टीवर ते उभे आहे ती लिहून ठेवलेली बरी. ती गोष्ट म्हणजे 'स्टाइल'.

ही स्टाइल केसांची किंवा कपड्यांची नव्हे. पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल म्हणजे मजकुराच्या एका प्रकाराला दिलेले नाव आणि त्या नावाशी बांधलेले नियम. फॉन्ट कोणता, अक्षर किती पॉइंटचे, दोन ओळींत अंतर किती, परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायची की नाही, हे सगळे एकदाच ठरवायचे. त्यानंतर परिच्छेदावर क्लिक करून फक्त नाव सांगायचे, की सारे नियम एकदम लागू होतात. आम्ही इनडिझाइन वापरतो, पण पेजमेकरवर काम केलेल्यांनाही ही सोय ठाऊक असेल. वर्डमध्येही ती आहे आणि स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही आहे. नावे थोडी वेगळी, तत्त्व तेच.

याची गरज का पडते, हे अंकाच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे येणारे साहित्य पाहिले की कळते. कुणी काकू व्हॉट्सॲपवर कविता पाठवतात, कुणी सर वर्डची फाइल देतात, आजोबा वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. एकाने परिच्छेद वेगळा दिसावा म्हणून तीनदा एंटर मारलेले असते, दुसऱ्याने पहिली ओळ आत यावी म्हणून स्पेसबार आठ वेळा दाबलेला असतो. आपल्या इंदुरात हिंदी टायपिंग शिकलेली मंडळी पुष्कळ, त्यामुळे क्रुतिदेवमधला मजकूरही येतो. क्रुतिदेव हा युनिकोड फॉन्ट नव्हे. त्यातला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की अक्षरांचा पार चिवडा होतो. म्हणून तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, स्टाइल नंतर.

या सगळ्या गोतावळ्याला एका पंगतीत बसवायचे तर प्रत्येकाचे पान वेगळे सजवून चालत नाही. आमच्या फाइलमध्ये नऊ स्टाइली आहेत: मथळा, उपमथळा, लेखकनाव, मजकूर-पहिला, मजकूर, कविता, चौकट, फोटोओळ आणि सूचना. नावे मुद्दाम कामावरून ठेवली आहेत, दिसण्यावरून नाहीत. 'मोठे लाल' असे नाव ठेवले आणि पुढच्या वर्षी मथळे निळे करायचे ठरले, तर 'मोठे लाल' निळे दिसू लागेल आणि नव्या माणसाची पंचाईत होईल. 'मथळा' हा कोणत्याही रंगात मथळाच राहतो.

या स्टाइलींना वंशावळही असते. 'मजकूर' ही आई. 'मजकूर-पहिला' ही तिची लेक: सगळे आईसारखे, फक्त पहिली ओळ आत घेतलेली नाही. 'चौकट' ही दुसरी लेक, अक्षर एका पॉइंटने लहान. आईचा फॉन्ट बदलला की लेकींचाही आपोआप बदलतो, त्यांचे स्वतःचे वेगळेपण तेवढे कायम राहते. 'मथळा' लिहून एंटर मारला की पुढची ओळ 'लेखकनाव' होईल, अशी साखळीही लावता येते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा एका दिवाळी अंकाच्या वेळी झाली. अंक छापखान्यात जायला दोन दिवस राहिले होते. ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका आजींनी सांगितले, "अंक येतो, पण आम्ही तो सुनेकडून वाचून घेतो. अक्षर जरा मोठे करा की." तोवर आमचा मजकूर ११ पॉइंटचा आणि ओळींचे अंतर १७ पॉइंटचे असे. आम्ही 'मजकूर' या स्टाइलमध्ये अक्षर १२.५ आणि अंतर १९ केले. मिनिटभरात सगळ्या पानांवरचा मजकूर वाढला, फोटोओळी आणि सूचना होत्या तशाच राहिल्या. अर्थात जागा फुकट मिळत नाही. अक्षर आणि अंतर दोन्ही वाढल्याने मजकुराने पाव हिश्श्याहून जास्त जागा मागितली. पाने चारच्या पटीत वाढतात, त्यामुळे २८ पानांचा अंक फोटो आणि निकालाची कोष्टके दाटीने बसवून ३२ पानांत आणला. ती सारी संध्याकाळ पाने जुळवण्यात गेली, पण एकेक परिच्छेद निवडून मोठा करायचा असता तर दोन दिवसही पुरले नसते. अनुक्रमणिकाही 'मथळा' या स्टाइलवरूनच तयार होत असल्यामुळे पृष्ठक्रमांक एका आज्ञेत नव्याने आले.

ओळींच्या अंतराबद्दल इथेच सांगून ठेवतो. सॉफ्टवेअर स्वतःहून अक्षराच्या १२० टक्के अंतर धरते. इंग्रजीला ते पुरते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. तेवढ्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. म्हणून आम्ही अंतर दीडपटीच्या आसपास ठेवतो.

दुसरा प्रसंग जरा नाजूक होता. मान्यवरांचे मनोगत मोठ्या आणि ठळक अक्षरात असावे, अशी सूचना एकदा आली. सूचनेमागे आदरच होता. आम्ही बराच विचार केला आणि मनोगत पहिल्या पानावर घेतले, फोटो घातला, पण मजकूर 'मजकूर' याच स्टाइलमध्ये ठेवला. त्याच अंकात तिसरीतल्या एका मुलीचा 'माझी आजी' हा बारा ओळींचा निबंध होता. तोही त्याच अक्षरात, त्याच अंतराने छापला गेला. मोठ्यांचा मान जागेने राखला, अक्षर मात्र सर्वांना एकच. त्या मुलीच्या घरी तो अंक जपून ठेवला आहे, असे तिच्या बाईंनी सांगितले. मान्यवरांनीही पुढच्या वेळी मनोगत वेळेच्या आधी पाठवले.

आता या लेखाचे खरे कारण. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीतच लिहितात, पण 'ल' आणि 'श' यांची वळणे दोहोंत वेगळी आहेत. मराठी ल पाकळ्यांचा, हिंदी ल दांडीचा. श मराठीत देठाचा, हिंदीत शेंडीचा. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे घेतली आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल चा क्रमांक एकच आहे. कोणते वळण उमटणार, हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा कोणती सांगितली आहे त्यावर ठरते. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असते, त्याला भाषा 'हिंदी' सांगितली तर तो दांडीचा ल देतो, 'मराठी' सांगितली तर पाकळीचा.

इंदूरमध्ये संगणकावर बहुधा हिंदीच निवडलेली असते. त्यात कुणाचा दोष नाही, इथला व्यवहारच हिंदीत चालतो. पण त्यामुळे मराठी लेख न कळत हिंदी वळणात छापला जातो. भाषेची निवड प्रत्येक लेखाला हाताने करायची म्हटली तर चारातला एक लेख निसटणारच. म्हणून आम्ही ती 'मजकूर' या मूळ स्टाइलमध्येच घातली आहे: भाषा मराठी. इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून मराठी निवडता येते. जोडाक्षरे नीट जुळावीत म्हणून 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' हा पर्यायही त्याच स्टाइलमध्ये आहे. आईने घेतले की लेकींना मिळालेच. फॉन्टही तसाच पारखून घ्यावा. 'तिरो देवनागरी' हा मोफत मिळणारा फॉन्ट तर हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपांत आहे. त्यातला मराठी घेतला की ही काळजीच मिटते.

एवढ्याशा पाकळीचे काय घेऊन बसलात, असे कुणी विचारील. आपल्या मुलांना दिवसभर फलकांवर, पुस्तकांत, मोबाइलवर हिंदी वळण दिसते. पाकळीचा ल त्यांना आजीच्या पत्रात दिसतो, मराठीच्या तासाला फळ्यावर दिसतो आणि या अंकात दिसतो. पाचवीतल्या एकाने आम्हाला विचारले होते, "यातला बरोबर कोणता?" आम्ही सांगितले, "दोन्ही बरोबर, आपापल्या घरी." हे सांगायचे तर आपल्या घरी तो नीट उमटला पाहिजे. बाहेर राहून भाषा टिकवायची म्हणजे मोठमोठी भाषणेच करावी लागतात असे नाही. कधी कधी ती एका यादीतून 'मराठी' निवडण्याइतकी साधी असते, आणि ती निवड पुढच्या माणसापर्यंत पोहोचवण्याइतकी.

स्टाइलने सगळेच होते असे मात्र नाही. ऱ्हस्व-दीर्घ तिला कळत नाही, मुद्रितशोधन माणसालाच करावे लागते. कवितेच्या ओळी कवीने जिथे तोडल्या तिथेच तुटल्या पाहिजेत, म्हणून 'कविता' ही स्टाइल डावीकडे जुळवलेली आहे आणि कडव्यात ओळ तोडताना एंटरऐवजी शिफ्ट-एंटर वापरायचा आहे. एखादा शब्द उठून दिसावा असे वाटले तर त्यासाठी 'ठळक' ही अक्षरांची वेगळी स्टाइल आहे. अक्षरे तिरकी करू नयेत, देवनागरीला ते शोभत नाही. स्टाइलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसले की समजावे, तिथे कुणीतरी नियमाबाहेर हाताने काही बदलले आहे. ते मुद्दाम केलेले नसेल तर काढून टाकावे.

यंदा नववीची सहा मुले संगणक कक्षात हे काम शिकत आहेत. त्यांच्यासाठी नऊ स्टाइली असलेली कोरी फाइल तयार आहे आणि कोणती स्टाइल कुठे वापरायची, हे लिहिलेला एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. त्यांना एखादी स्टाइल बदलावीशी वाटली तर जरूर बदलावी, फक्त कागदही बदलावा.

वाचकांना एकच विनंती. साहित्य पाठवताना सजवू नका. रंग नको, चौकटी नकोत, स्पेसबारने ओळ आत ढकलू नका. युनिकोडमध्ये साधा मजकूर पाठवा, वर मथळा आणि खाली आपले नाव लिहा. युनिकोड जमत नसेल तर वहीचे पान पाठवा, मुले टाइप करतील. बाकी सारे आमच्याकडे लागले. तुम्ही फक्त लिहा.