परत द्यायच्या बोलीवर

गोट्या म्हणजे जुगार, असं मी वर्गात फळ्यासमोर उभा राहून सांगत आलो. भोर आणि वेल्हे (आता कागदोपत्री राजगड) तालुक्यांतल्या शाळांवर माझी नोकरीची वर्षं गेली. प्रत्येक शाळेत टेबलाच्या खणात जप्त गोट्यांचा एक डबा असायचाच. खेळाशी माझं भांडण नव्हतं. जिंकलेली गोटी खिशात टाकायची, एवढंच खटकायचं. हरलेलं पोरगं रडत घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पैशांच्या गोट्या घेऊन येतं. आज गोटी लावतो तो उद्या पत्त्यांवर पैसे लावेल, हा माझा सिद्धांत. पालकसभेत तो कुणी खोडला नाही. गुरुजींना कोण खोडणार!

आमच्याकडे गोट्यांना हंगाम असतो. तोरणा-राजगडाच्या पायथ्याला पावसाळाभर चिखल, गोटी पडेल तिथेच रुतते. भाताची झोडणी उरकली की चोपून, शेणाने सारवलेली खळी मोकळी होतात आणि पोरांना आयतं मैदान मिळतं. अशाच एका हिवाळ्यात शाळेत पारंपरिक खेळ घ्यायचे ठरले आणि मी उत्साहाने गोट्यांची स्पर्धा लावली. चुन्याचं रिंगण आखलं, गल खणून घेतली, प्रशस्तिपत्रं आणली. अट एकच, खेळ संपला की ज्याची गोटी त्याला परत. पोरं थोडा वेळ खेळली आणि पांगली. शाळा सुटल्यावर तीच पोरं खळ्यावर, अंधार पडेपर्यंत. एकाला विचारलं, तर म्हणाला, “हरल्यावर काय जातच न्हाय गुरुजी, मग नेम कशाला धरायचा?”

उत्तर आवडलं नाही, पण त्याच्यामुळेच मी खळ्याच्या कडेला जाऊन बसायला लागलो.

खेळापेक्षा आधीची बोलणी लांब चालायची. प्रत्येकी किती गोट्या लावायच्या, वीत कुणाची धरायची, ढब्बू चालेल का, टवका उडालेली गोटी मोजायची की नाही. गॅरेजमधून आणलेला बेअरिंगचा छर्रा बाद, कारण तो लागला की काचेची गोटी फुटते. मध्ये पडलेला खडा उचलायचा तर आधी विचारायचं. हे सगळं मोठ्या माणसावाचून ठरायचं आणि ठरल्यावर मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. नागरिकशास्त्राच्या तासाला हेच समजावताना माझा घसा बसायचा. आणखी एक पाहिलं. सगळं गमावून बसलेल्याला जिंकणाराच चार गोट्या उसन्या द्यायचा. त्यात दया कमी आणि हिशेब जास्त. सगळ्यांचे खिसे रिकामे केले, तर उद्या खेळायचं कुणाशी? पत्त्यांच्या अड्ड्यावर असं चालत असेल, असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे कायदासुद्धा पोरांच्या बाजूने आहे. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा 1887 सालचा, मुंबई इलाख्यातला. निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. डाव्या हाताचं बोट ताणून मागे खेचत चार हातांवरची गोटी टिपणं हे कौशल्य नव्हे, असं कोण म्हणेल?

माझ्यासारखे मास्तर जुनेच. रोममधली मुलं अक्रोडांनी असेच डाव खेळत. सम्राट ऑगस्टसही लहान मुलांत बसून ते खेळायचा, असं त्याच्या चरित्रकाराने नोंदवलंय. पहिल्या शतकातला कवी मार्शल तर सण संपल्यावरचं चित्र रंगवतो. मास्तर ओरडून बोलावतो आणि मुलगा खट्टू होऊन अक्रोड सोडून निघतो. लगेच पुढच्या ओळींत पकडला गेलेला जुगारी येतो. दोघे शेजारी-शेजारी! माझा सिद्धांत एकोणीसशे वर्षं जुना निघाला.

स्पर्धेच्या दिवशी मी परिपाठात हडप्पा-मोहेंजोदडोला सापडलेल्या दगडाच्या नि मातीच्या गुळगुळीत गोळ्यांचं सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण त्या आडून मी काचेच्या गोटीलाही आपल्या मातीतली ठरवत होतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर वितळलेल्या काचेची कांडी खास कात्रीने कापून गोट्या करत. 1905 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या मार्टिन क्रिस्टेन्सेनने यंत्राचं पेटंट मिळवलं आणि गोटी स्वस्त झाली. गोटी सोड्याची बाटली 1872 ची, हायरम कॉड या इंग्रजाची. बाटली फोडून आतली गोटी पळवणारी पोरं तिकडेही होती. अक्रोड गेले, भाजक्या मातीच्या गोट्या गेल्या, काच आली. लावलेलं हरलं की जातं, एवढं मात्र सगळीकडे तसंच राहिलं. आणि मी परंपरा जपायच्या नावाखाली नेमकं तेवढंच काढून टाकलं होतं.

आता मी गोट्या जप्त करत नाही. पैसे लावलेले दिसले तर अजूनही डाव उधळतो, तिथे मी बदललेलो नाही. आमच्या शाळेतल्या तरुण गुरुजींना माझं हे नवं मत पटत नाही. ते म्हणतात, “सर, ज्याच्या घरून वहीचेच पैसे मुश्किलीने येतात, त्याने ते गोट्यांत घालवले तर?” मी उसन्या गोट्यांचं सांगतो. ते म्हणतात, उसनी गोटी मिळते, वही मिळते का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून शाळेत वह्यांचा एक गठ्ठा ठेवतो. तो फार लवकर संपतो, हेही खरं.