मोदेनाच्या माळ्यावर

इटलीतल्या मोदेना गावी शिरका मुरतो तो तळघरात नव्हे, घराच्या माळ्यावर. उन्हाळ्याची काहिली आणि हिवाळ्याचा कडाका, दोन्ही त्याला मानवतात. आटवलेला द्राक्षरस ओक, चेरी, तुती अशा लाकडांच्या, लहान लहान होत गेलेल्या पिंपांतून पुढे सरकतो. दर हिवाळ्यात सर्वांत धाकट्या पिंपातून थोडा काढायचा आणि ती तूट शेजारच्या थोरल्यातून भरायची. असे निदान १२ वर्षे. फार जुना म्हणवायचा तर २५! आपला मुरांबा वर्षभर टिकला तर आपण आळीभर सांगत सुटतो!

मी उतरलो होतो त्या घरच्या यजमानीणबाईंनी पार्मेजान चीजच्या खड्यावर दोन थेंब टाकले. काकवीसारखा दाट, गोडी आधी, आंबटपणा मागून. "हा विस्तवावर चढवायचा नाही हं," त्यांनी बजावले.

लिंबाच्या वासाचे ऑलिव्ह तेल त्याच्या जोडीला देऊ नये, दोघेही मानी. (अब्रुत्सो प्रांतात लिंबे ऑलिव्हांबरोबरच घाण्यात घालतात, मागाहून अर्क मिसळलेल्या तेलाला ती सर नाही.) त्या तेलाचे कोशिंबिरीत ६० दिवसांच्या साध्या शिरक्याशी छान जमते.

माळ्यावरची ती ओळ मुलीच्या जन्माच्या वेळी मांडलेली. इथली जुनी चाल. मुलगी आता मिलानला नोकरी करते. पिंपे भरायला मात्र दर हिवाळ्यात येते.