शेवाळाचा हिशेब

सुझाना क्लार्क यांच्या ‘पिरानेसी’ (२०२०) या कादंबरीतला निवेदक एका अफाट घरात राहतो. दालनांमागून दालनं, भिंतींलगत पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र आणि वरच्या मजल्यावर ढग. तो मासे पकडून खातो, समुद्री शेवाळ वाळवून जाळतो, भरती-ओहोटीची कोष्टकं मांडतो. एकदा तिथे अल्बट्रॉस पक्ष्यांची जोडी येते. घरटं बांधायला त्यांच्याजवळ पुरेसं काही नाही, हे पाहून तो आपल्या साठ्यातलं कोरडं शेवाळ त्यांना नेऊन देतो. पण देण्याआधी हिशेब करतो. एवढं दिलं तर आपल्याला किती दिवस गारठ्यात काढावे लागतील? मग ठरवतो, काढू. जगात एक नवा अल्बट्रॉस येणार असेल तर तेवढं सोसायला हरकत नाही.

नव्या अद्भुत कादंबरीवर लिहायला बसते तेव्हा मी आधी हे शेवाळ शोधते. त्या जगात जळण कुठून येतं, जादू कुणाला परवडते, तिची झळ कुणाला बसते, हे लेखकाला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर माझ्याकडून त्याला वाटेल ती सूट आहे. नसेल तर नकाशा, वंशावळी आणि सातशे पानांची युद्धं देऊनही ते जग डोळ्यांपुढे उभं राहत नाही.

आपल्याकडे अशा लेखनावर लिहिताना फार घाई होते. गोष्टीत माणूस उडताना दिसला की ‘हे स्वातंत्र्याच्या ओढीचं रूपक’ असं लिहून परीक्षणकर्ता मोकळा होतो. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांचंही बरंचसं असंच झालं. नियतीची चर्चा सुरू झाली की ती तिथेच रेंगाळते आणि जी.एं.नी इतक्या कष्टाने उभं केलेलं ते परकं जग, तिथल्या वाटा, तिथल्या माणसांच्या रीती मागे राहून जातात. रूपक नसतंच असं मी म्हणत नाही. ते उशिरा यावं, एवढंच माझं म्हणणं. माणूस उडतो ना, मग आधी त्याला उडू द्यावं.

श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांच्या ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३) या कादंबरीचा नायक फेटर खरोखरच तरंगतो. जन्मताच आईने खिळा ठोकून त्याची सावली त्याच्यापासून तोडली आहे. जमीन त्याला धरून ठेवत नाही, त्यालाच सावध राहून खाली टिकावं लागतं. आईने त्याला वाढवलंय ते बापाचा खून करण्यासाठी, आणि बाप म्हणजे लोकांनी डोक्यावर घेतलेला मुक्तिदाता. मुलाला मागे टाकून गेलेला मुक्तिदाता म्हटल्यावर आपल्याला सिद्धार्थ आणि राहुल आठवणारच. ही ओळख दक्षिण आशियातल्या वाचकाच्या हाताशी आयती आहे, आणि ती परीक्षणात आलीच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबलं तर फेटर राहतो त्या शहरातली दारं हुकतात. बंद राहिलेलं एखादं साधं दार तिथे एक दिवस बदलून जातं, पुन्हा कधी उघडत नाही, आणि फेटरला त्यातून थंड वारा आलेला जाणवतो. या दारांमुळे मला रात्री पुस्तक खाली ठेवता आलं नाही. वाचकाला हे सांगायचं नाही, तर परीक्षण लिहायचं कशाला?

टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दल १९५६ साली आलेली दोन परीक्षणं मला या बाबतीत फार शिकवून गेली. एडमंड विल्सन हा मोठा समीक्षक. आपल्या सात वर्षांच्या मुलीला त्याने सगळी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि तरीही ‘द नेशन’मध्ये त्याने ती पोरकट ठरवली. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने मात्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिताना एक साधा प्रश्न धरला: एवढा बलाढ्य खलनायक सॉरोन हरतो कसा? ऑडेनचं उत्तर असं की सज्जनाला आपण दुष्ट होऊ शकतो याची कल्पना करता येते, म्हणूनच जादूगार गॅन्डाल्फ सत्ता देणारी अंगठी नाकारतो. दुष्टाला मात्र स्वतःपलीकडचं काही कल्पिताच येत नाही. हाती आलेली सत्ता कुणी आपण होऊन नष्ट करायला निघेल, हे सॉरोनच्या मनातही येत नाही. या कादंबरीबद्दल इतकं नेमकं विधान मी दुसरं वाचलेलं नाही. आणि ते सुचलं ते अंगठीला अंगठीच मानल्यामुळे. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असं म्हणणारे तेव्हाही होते. टॉल्किनना स्वतःला ते अजिबात मान्य नव्हतं.

कथांवर लिहिणं कादंबरीपेक्षा कठीण. टेड चियांग यांची ‘द मर्चंट अँड द अल्केमिस्ट्स गेट’ (२००७) ही बगदाद-कैरोतली कथा घ्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला तिची गोष्टीत गोष्ट गुंफण्याची तऱ्हा लगेच ओळखीची वाटेल. किमयागाराच्या कमानीतून वीस वर्षं मागे किंवा पुढे जाता येतं, पण घडून गेलेलं बदलता येत नाही. फार तर ते अधिक नीट कळतं. एवढा नियम मी सांगते आणि थांबते. कथेतल्या व्यापाऱ्याला अखेर काय कळतं ते वाचकाचं वाचकाने गाठायचं. नियम सांगितल्याने गोष्ट फुटत नाही, उलट तिची धार कळते.

मराठीत कथा आजही मोठ्या प्रमाणावर दिवाळी अंकांतून येते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली ही वाट घालून दिली. पण अंकांच्या परीक्षणात अद्भुत कथेच्या वाट्याला ‘वेगळ्या वळणाची कथा’ एवढे तीनच शब्द येतात. प्रथमच असं काही लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना त्यातून काय कळणार? आपलं जग उभं राहिलं की नाही, नियम कुठे मोडला, कुठे तो अवघड जागी नेऊन तपासायला हवा होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. त्याला एक परिच्छेद पुरतो. मी संपादकांकडे दरवर्षी त्या परिच्छेदापुरती जागा मागते, आणि गेल्या खेपेला ती मिळालीही.