केर आणि गाळ

आमच्या परदेशीपुऱ्यात सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले की घरोघरची माणसे ओला व सुका कचरा वेगवेगळा घेऊन दाराशी उभी राहतात. २०१७ साली देशातील स्वच्छ शहरांत इंदूरचा पहिला क्रमांक लागला आणि पुढेही वर्षानुवर्षे लागत राहिला. त्याचा अभिमान आम्हांसही वाटे. आमच्या घरी दोन वेळा केर निघतो, फरशी रोज पुसली जाते. मग उणे ते काय?

२०२५ च्या डिसेंबरात जवळच्याच भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि माणसे दगावली. रस्ते झाडलेले होते. दोष जमिनीखाली होता. ती वार्ता ऐकून आम्ही गच्चीवर गेलो व टाकीचे झाकण काढले. तळाशी बोटभर गाळ! हेच पाणी आमची धाकटी नात पीत होती. शरमेने आमची मान खाली गेली.

टाकी रिकामी करून आम्ही प्रथम भिंती व तळ घासून काढला. कारण गाळ तसाच ठेवून ब्लीचिंग पावडर टाकली, तर तिचा जोर त्या गाळातच खर्ची पडतो. नंतर पावडरीच्या पाण्याने टाकी धुतली, पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळली, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली.

रोजचा केर डोळ्यांना दिसतो, म्हणून तो निघतो. गाळासाठी मात्र मुद्दाम झाकण उचलावे लागते. वाचकहो, आपल्या घरचे झाकण आपण शेवटचे केव्हा उचलले होते?