मार्चमधलं नाटक

जर्सी सिटीत मार्च उजाडला की सरकारी हायस्कुलांच्या दारांवर संगीत नाटकांची पोस्टरं झळकू लागतात. त्याच महिन्यात आमच्या गावी, भोरला, दहावीची परीक्षा चालू असते; केंद्राबाहेर पोलीस, जवळपासची झेरॉक्सची दुकानं बंद, घरोघरी टीव्ही मुका. त्यामुळे लेकीच्या इथल्या शाळेत अकरावीची मुलं, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यासाचा भार सर्वात जास्त तीच, रात्री आठ-साडेआठपर्यंत तालमीत दिसली तेव्हा मी चक्रावलो. ‘परीक्षेचं काय?’ असं त्यांना कुणीच विचारत नव्हतं.

याचं उत्तर शाळेच्या हिशेबात आहे. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. न्यू जर्सीत ते पूर्ण करायला किमान १२० क्रेडिट लागतात: इंग्रजीची २०, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांची प्रत्येकी १५, आणि चित्र, संगीत, नृत्य, नाट्य यांपैकी कशाची तरी ५. म्हणजे कलेला हात लावल्याशिवाय शाळेतून सुटका नाही. हुशार मुलं यावर ‘एपी’चे, म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय घेतात, त्यांची परीक्षा मे महिन्यात. चार वर्षांचे गुण थोडे थोडे साठत जातात. एका पंधरवड्यात सगळं पणाला लागत नाही, म्हणून मार्चमध्ये नाटकाला जागा उरते.

नाट्य हा विषय तासिकेत असतो आणि ड्रामा क्लब शाळा सुटल्यावर भरतो. क्लबातली निम्मीअधिक मुलं रंगमंचावर येतच नाहीत. कुणी फळ्या कापतं, कुणी दिवे सांभाळतं, कुणी तिकिटं विकतं. प्रयोगाचे हक्क पैसे मोजून घ्यावे लागतात, म्हणून स्मरणिकेसाठी जाहिराती मागत मुलं नेवार्क अव्हेन्यूवरच्या गुजराती दुकानांतही शिरतात. माझी लेक स्टेज मॅनेजर. चारचौघांत तोंड न उघडणारी ही मुलगी कानाला हेडफोन लावून हुकूम सोडते आणि नाटकाचे सर तिच्या इशाऱ्याची वाट बघतात.

आमच्याकडे नाटक म्हणजे वर्षातून एकदा गॅदरिंग. खणखणीत आवाजाचा शिवाजी, उंचीने भरेल तो अफझलखान, बाकीचे मावळे. दहावीची मुलं प्रेक्षकांत. भाटघर धरणाच्या कडेच्या गावांतली पोरं तालीम अर्धी टाकून मुक्कामी एसटी पकडायला पळायची. नाटकाचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? यात्रेतल्या तमाशाच्या वगाला अख्खा गाव रात्र जागवायचा. मुलांचं नाटकही आपल्याला नवं नाही: सुधा करमरकरांनी मुंबईत बालनाट्यासाठी लिटल थिएटर काढलं ते १९५९ साली. आज राज्य सरकारची बालनाट्य स्पर्धा आहे, पुण्यात शाळांसाठी भालबा केळकर करंडक आहे. पण भोरशेजारच्या वेल्ह्याच्या शाळेने वीस मुलं आणि नेपथ्य घेऊन पुणं गाठायचं तर अडचण गाडीभाड्यापासूनच सुरू होते.

गुणांच्या हिशेबात जागा मिळाली की कला कशी तगते, हे आपण चित्रकलेत पाहिलंच आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या ग्रेडमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आईबाप रंगपेटीवर रागवत नाहीत.

तरी अमेरिकेची आरती ओवाळावी असंही नाही. इथल्या शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात. श्रीमंत उपनगरात झगमगतं रंगमंदिर, गरीब शहरात गळकं छप्पर. ‘अ‍ॅबट’ खटल्यात १९९० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्या, असं राज्याला बजावलं. जर्सी सिटी त्या गरीब शहरांतलीच. शिवाय कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून क्लबात नाव घालणारी मुलंही कमी नाहीत. आपल्याकडे उद्या नाटकाला पंचवीस गुण ठेवले, तर परवा भोरच्या बाजारपेठेत ‘अभिनयाची हमखास तयारी’ असा फलक लागेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत नको, असं लिहिलेलं आहे. वेल्ह्यात शिक्षक असलेल्या मामेभावाला मी उत्साहाने इथल्या क्लबाचं वर्णन ऐकवलं. तो म्हणाला, ‘दादा, तुमच्याकडे रात्री बस असते. माझ्या वर्गातल्या मुली संध्याकाळी पाचनंतर थांबल्या तर घरी कोण सोडणार?’

त्याचा मुद्दा बिनतोड आहे. शाळेनंतरचा क्लब रात्री बस धावणाऱ्या शहरातच चालतो. आपल्याकडे उचलण्यासारखी आहेत ती कलेची पाच क्रेडिट. आठवी-नववीला आठवड्यातून दोन तास, शाळेच्या वेळेत, आणि त्यात दिवे-पडदे सांभाळणाऱ्यालाही तेवढाच मान. रंगमंदिर नसलं तरी चालेल, देवळापुढचा पार पुरे. वेळापत्रकात मात्र तो तास छापील हवा. नाहीतर गणिताचे सर जादा तासासाठी तो मागून नेतील, आणि नाटकाचे सर बिचारे देऊनही टाकतील.