ड्युटी लिस्टवरची नावं

‘तो ताण तुम्ही कसा सहन केलात?’ असं अजूनही लोक विचारतात. विचारणाऱ्याच्या डोक्यात मृत्यू असतात, भीती असते. मला मात्र आधी पाणी आठवतं. पीपीई किट घालायच्या तासभर आधी आम्ही पाणी प्यायचं बंद करायचो. किट एकदा चढवलं की सहा तास, कधी आठ तास ते काढता यायचं नाही. काढलं तर वाया जाणार, आणि सुरुवातीला किट्स मोजून मिळत होती. काहीजणी डायपर लावायच्या. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याचा अंदाज मुलींना येईल. मुलांनी घरातल्या कुणाला तरी विचारावं.

मी पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. राज्यातले पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले, त्यामुळे बाकीच्यांना टीव्हीवर दिसत होतं ते आमच्या दारात लवकर आलं. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या सोसायटीत थाळ्या वाजल्या. महिनाभरात त्याच सोसायटीतले एक काका माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘वहिनींना थोडे दिवस तिकडेच राहू द्या.’ काका माणूस म्हणून वाईट नाहीत, फार घाबरले होते. तशीही मी लॉजवरच राहत होते. मुलगी तेव्हा चार वर्षांची. व्हिडिओ कॉलवर ती माझ्या नाकावरचा मास्कचा वळ बघायची आणि विचारायची, ‘आज कोणी मारलं?’

मरण आम्हाला नवं नव्हतं. मेडिसिन वॉर्डात दहा वर्षं काढलेल्या बाईने माणसं जाताना पाहिलेली असतात. पण एरवी माणूस जातो तेव्हा उशाशी कुणीतरी असतं. सून तोंडात पाणी घालते, मुलगा पाय चेपत बसलेला असतो. कोविड वॉर्डात नातेवाईक नव्हते. मग ती सगळी कामं आमच्याकडे आली. कुणाची कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवायची, कुणाचा चष्मा पुसून द्यायचा. सगळ्यात मोठं काम मोबाईलचं. चार्जिंग संपलं की रुग्ण कासावीस व्हायचे, कारण घर तेवढंच उरलेलं होतं. आम्ही चार्जरवर बेड नंबरच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

एप्रिल २०२१ उजाडला आणि पहिली लाट बरी होती असं वाटायला लागलं. २१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा खंडित होऊन वीसहून जास्त रुग्ण दगावले. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक सिस्टर येता-जाता ऑक्सिजनच्या प्रेशरच्या काट्याकडे बघायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात एका रात्री आम्ही दोघी होतो आणि रुग्ण चाळीस. रुग्णाला पालथं झोपवलं की सॅच्युरेशन सुधारतं हे आम्हाला ठाऊक होतं. पण जाड माणसाला नळ्या सांभाळून पालथं करायला चार-पाच जण लागतात. दोघींनी कुणाकुणाला करायचं?

या अवस्थेला एक शब्द आहे. अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८४ साली नर्सिंगमधल्या नैतिक प्रश्नांवर पुस्तक लिहिलं, त्यात ‘मोरल डिस्ट्रेस’ असा शब्द आहे. काय करणं योग्य आहे हे कळतंय, पण व्यवस्थेमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणारा त्रास. मी तो शब्द खूप नंतर वाचला. वाचल्यावर बरं वाटलं, कारण तोवर मला वाटायचं की माझंच मन कच्चं आहे.

आमच्यासाठी ताण कमी करण्यावर एक वेबिनार झाला होता. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, छंद जोपासा. एन-९५ लावून दीर्घ श्वास घ्यायचा प्रयत्न आम्ही खरंच केला, आणि फार हसलो. नाही म्हणायला त्या हसण्याने ताण कमी झाला. समुपदेशन निरुपयोगी असतं असं मी म्हणणार नाही. आमच्यातल्या एका ब्रदरला त्याने झोप परत मिळवून दिली. पण सगळ्यांना सावरलं ते आमच्या इन्चार्ज सिस्टरने, आणि तेही ड्युटी लिस्टमधून.

त्यांनी दोन नियम केले. एखादीच्या पाळीत दोन मृत्यू झाले, तर दुसऱ्या दिवशी तिला आयसीयूत पाठवायचं नाही. औषधांची नोंद, स्टोअर, असं काहीतरी द्यायचं. आणि नवी मुलगी एकटी आत जाणार नाही, जुनी सोबत हवी. माणसं कमी असताना हे जमवायला त्या स्वतः जादा पाळ्या करायच्या. दुसरा नियम हँडओव्हरचा. ‘बेड सतरा रिकामा’ असं म्हणायला त्यांनी मनाई केली होती. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, तो किती वाजता गेला ते सांगायचं, घरच्यांशी शेवटचं कोण बोललं ते सांगायचं. मगच पुढचा बेड. अर्धा मिनिट लागायचा. केरळहून आलेली आमची एक सीनियर, जिला सगळा वॉर्ड चेची म्हणायचा, नाव ऐकलं की क्रूस करायची. मावशी हात जोडायच्या. माझं काही ठरलेलं नव्हतं, मी नुसती उभी राहायचे.

म्हणून ‘नर्सेस ताणाला कसं तोंड देतात’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. तोंड आम्ही दिलंच. पण तो प्रश्न सगळं ओझं पुन्हा आमच्याच मनावर टाकतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. त्याच काळात आमच्यासोबत कंत्राटावर घेतलेल्या मुली, ज्यांनी आमच्याइतकेच मृतदेह गुंडाळले, लाट ओसरल्यावर घरी गेल्या. त्यांचं कंत्राट वाढवलं नाही.

आता माझ्याकडे विद्यार्थिनी शिकायला येतात. त्या वेळी त्या शाळेत होत्या. परवा एकीने विचारलं, ‘मॅडम, पुन्हा असं काही आलं तर मन घट्ट कसं करायचं?’ मी तिला फळ्यावरची ड्युटी लिस्ट वाचायला सांगितली. रात्रपाळीत किती नावं आहेत? दोन, ती म्हणाली. आणि बेड? तिने वॉर्डभर फिरून मोजले. अडतीस. ‘हे आधी मोजायला शीक,’ मी म्हटलं, ‘आणि कमी असतील तर लिहून दे, रजिस्टरमध्ये, तारीख घालून, सही करून. मनाचं मग आपण सगळ्या मिळून बघू.’